चातुर्मासातलं तेल

आषाढातल्या एकादशीला देव झोपी जातात आणि कार्तिकातल्या एकादशीला उठतात. मधले चार महिने माणसानं काहीतरी सोडायचं असतं. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं, कोणी गादीवर झोपणं सोडतं. सत्यशीलाबाई लग्न होऊन आल्यापासून दर चातुर्मासात काही ना काही सोडत आल्या होत्या. एकदा त्यांनी चहा सोडला होता. त्या वर्षाबद्दल त्यांचे यजमान महिपतराव अजूनही पाहुण्यांना सांगत, "देव झोपले होते ते सुटले. मला मात्र चार महिने हिच्यासमोर जागं राहावं लागलं."

यंदा त्यांनी तेल सोडलं.

त्याला कारण होतं. उन्हाळ्यात एका दुपारी हडपसरच्या त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. महिपतराव भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मध्येच पायरीवर बसले. घामानं शर्ट भिजला होता आणि डावा हात जड झाला होता. समोरच्या दारातल्या अख्तरबानूंची मुलगी अरिबा खराडीच्या एका इस्पितळात आहारतज्ज्ञ होती. ती त्या दिवशी घरी होती म्हणून बरं. तिनं गाडी काढली, फोन करून डॉक्टरांना थांबवलं, आणि संध्याकाळपर्यंत महिपतरावांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसलासुद्धा.

घरी सोडताना डॉक्टर घाईत होते. गोळ्या समजावून सांगितल्या आणि म्हणाले, "तेलकट एकदम बंद. बाकी पुढच्या वेळी बोलू." एवढा एकच शब्द सत्यशीलाबाईंनी पदराला गाठ मारल्यासारखा जपला.

एकादशीच्या सकाळी पूजा आटोपल्यावर त्यांनी तळहातावर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि देवाला हळू आवाजात सांगितलं, "यांच्या छातीला पुन्हा त्रास होऊ नये. चार महिने या घरात तेल चढणार नाही." पाणी ताम्हनात सोडलं आणि नमस्कार केला.

मागे खुर्चीत पेपर वाचत बसलेले महिपतराव म्हणाले, "या घरात म्हणजे? त्यात मी पण आलो?"

"तुमच्यासाठीच तर आहे."

"देवाशी परस्पर बोलणी करतेस. माझी सही तरी घ्यायची."

पण त्या दिवशी उपासाची बटाट्याची भाजी पानात आली आणि तिच्यावर साजूक तुपाची फोडणी चकाकताना दिसली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "हा नेम बरा आहे गं," ते म्हणाले. "असाच दर वर्षी धर."

तूप तर देवालाही चालतं, निरांजनातही जळतं. सत्यशीलाबाईंच्या मनात तुपाबद्दल कधी शंका आलीच नव्हती. तेल जड, तूप सात्त्विक, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते त्यांना आपलं आपण ठाऊक होतं. त्यांनी दूधवाल्याला सांगून म्हशीचं दूध वाढवलं. रोजची साय विरजायची, आठवड्याचं लोणी काढायचं, शनिवारी मंद आचेवर ते कढवायचं. कढताना त्यात विड्याचं पान टाकलं की वास समोरच्या घरापर्यंत जाई. आमटीला तूप, भाजीला तूप, भाकरीवर तूप, सोमवारी आणि शनिवारी साबुदाण्याच्या खिचडीला जरा सढळ हातानं तूप. नुसतं कोरडं कसं खायचं माणसानं, आजारातून उठलेल्या माणसानं तर नाहीच नाही.

गणपतीत मात्र अडचण आली. करंज्या, चकल्या, तळणीचे मोदक, एवढ्या सगळ्याला घरचं तूप पुरणार कुठून? गाडीतळाजवळच्या दुकानातून त्यांनी वनस्पती तुपाची मोठी पाकिटं आणली. पांढरंशुभ्र, दाणेदार, कढईत टाकलं की तुपासारखंच वितळणारं. तळून उरलेलं गाळून बरणीत भरलं आणि गौरी जेवून गेल्यावर पराठ्यांना, शंकरपाळ्यांना, पुन्हा एकदा चकल्यांना वापरलं. टाकायचं कशाला? तुटलेल्या चकल्यांचे तुकडेसुद्धा महिपतरावांनी दुपारच्या चहाबरोबर संपवले.

पितृपक्ष लागला आणि ठरल्याप्रमाणे रक्त तपासलं. खराडीला गेल्यावर डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला.

"गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"ही घड्याळ लावून देते," महिपतराव म्हणाले.

"मग वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं कसं? मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे. महिन्याभरानं पुन्हा पाहू. असंच राहिलं तर दुसऱ्या नळीचीही काळजी करावी लागेल. जाताना आमच्या आहारतज्ज्ञांना भेटून जा."

आहारतज्ज्ञ म्हणजे अरिबाच. लहानपणी सत्यशीलाबाईंच्या घरी गुळपोळी खायला येणारी मुलगी आता पांढऱ्या कोटात समोर बसली होती. तिनं कागद वाचला आणि विचारलं, "काकू, घरी जेवण कसं असतं सध्या?"

सत्यशीलाबाई हळूच, पण थोड्या ताठ बसून म्हणाल्या, "तेलाचा थेंब नाही, बाळा. आषाढीपासून नेमच आहे माझा."

"मग फोडणी कशात?"

"साजूक तुपात. घरचं."

"महिन्याला किती होतं?"

त्यांनी बरणीच्या आकारावरून हातानं दाखवलं. अरिबानं काही बोलायच्या आधी पेन खाली ठेवलं.

"तरीच जिन्यात रोज दरवळ येतो. अम्मी म्हणते, वहिनींच्या घरी रोज ईद आहे." मग ती जरा पुढे झुकली. "काकू, चूक तुमची नाही. डॉक्टर 'तेलकट' म्हणाले, त्यांना म्हणायचं होतं तळलेलं आणि तुपाळ, दोन्ही. तूप वाईट नाही, पण काकांसाठी दिवसाला एखादा छोटा चमचा. त्यात जी चरबी असते ती जास्त झाली की वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. साय, लोणी, खोबरं, तेही त्याच घरातले. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यांचं तेल त्या मानानं काकांना बरं. दिवसाला सगळं मिळून तीन छोटे चमचे, मोजून."

"म्हणजे तेल खायचं?" सत्यशीलाबाईंचा आवाज इतका खाली गेला की अरिबाला पुन्हा विचारावं लागलं.

"हो काकू. चरबी अजिबात नको असंही नाही, शरीराला ती लागते. कुठली आणि किती, एवढंच बघायचं. तळण कशात केलं होतं गणपतीत?"

"वनस्पतीत. तेलात करता येत नव्हतं ना."

अरिबानं खुर्ची थोडी जवळ ओढली. तिच्या घरी आई पाच वेळा नमाज पढत होती, ती स्वतः रोजे धरत होती. नेमाचा अर्थ तिला कळत होता. म्हणून ती हळूच बोलली.

"काकू, वनस्पती म्हणजे तेलच असतं. कारखान्यात घट्ट केलेलं. बहुतेक वेळा पामचं. आणि काकांच्या हृदयाला त्याच्यासारखं वाईट दुसरं काही नाही. त्यात तेच पुन्हा पुन्हा तापवलं तर अजूनच."

महिपतराव मध्येच म्हणाले, "म्हणजे आम्ही नेम धरून तेलच खात होतो?"

अरिबानं मान हलवली.

परतताना दोघं रिक्षानं निघाले. मुंढव्याच्या पुलाजवळ गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा महिपतरावांनी पाहिलं, सत्यशीलाबाईंचे ओठ हलत होते. जप चालला होता. पण डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, ती पोरगी रागावली नाही आपल्यावर."

"तिचं नाही हो मनात," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी नेम धरला, आणि माझ्याच हातानं तुम्हाला ते खाऊ घातलं. नेमही मोडला, तोही मला न कळता."

घरी आल्यावर त्यांनी वनस्पतीची उरलेली बरणी दाराबाहेर नेऊन ठेवली. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या शेंगदाण्याचं तेल आणते. मोजून घालते. नेमाचं मी बघते काय ते."

त्यांना वाटलं होतं, आता यजमान काहीतरी टोमणा मारतील आणि सुटकेचा श्वास सोडतील. पण महिपतराव खुर्चीत सरळ बसले.

"नाही. तेल आणायचं नाही."

"अहो, अरिबा म्हणाली..."

"अरिबा म्हणाली तूप कमी करा. करू. तूप बंद. पण तेलही नाही. अजून कार्तिकीला दोन महिने आहेत. न कळत झालं ते झालं, आता कळून मोडायचं नाही."

"तुम्हीच तर हसत होता माझ्या नेमाला."

महिपतरावांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. "हसत होतो. पण त्या जिन्यात बसलो होतो ना, त्यानंतर रोज पायऱ्या चढताना मला भीती वाटते. लिफ्ट चालू असली तरी वाटते. मग मी मनात म्हणतो, हिनं देवाला सांगून ठेवलंय. चार महिने आपल्याला काही होणार नाही." ते दुसरीकडे बघत होते. "आता तूच मोडलास तर मी काय म्हणू?"

सत्यशीलाबाईंनी उंबऱ्यातून त्यांच्याकडे पाहिलं. पंपांच्या कारखान्यात आयुष्य काढलेला, देवळात चप्पल सांभाळायला बाहेर उभा राहणारा हा माणूस आपल्या ओंजळभर पाण्याला धरून बसला असेल, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात तेल नव्हतं आणि तूपही नव्हतं. दुधी उकडून, भोपळा उकडून, मूग उकडून. भाजीत मीठ, जिऱ्याची पूड, वर कोथिंबीर. पहिल्या दिवशी महिपतराव म्हणाले, "इस्पितळात परत आल्यासारखं वाटतंय, फक्त नर्स कमी आहेत." दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी पानात अर्धी भाजी तशीच राहू लागली. सत्यशीलाबाईंचंही दुपारी पोथी वाचताना डोकं हलकं होई, अक्षरं सरकत. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

महिपतराव मात्र संध्याकाळच्या फेरीहून परत आले की बरेच खुशीत असत. एकदा ते दारात बूट काढत असताना सत्यशीलाबाईंनी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिशाच्या तोंडाशी पापुद्र्यांचे सोनेरी कण चिकटले होते.

"हे काय?"

"काय?"

"खारी आहे ही. बेकरीतली."

महिपतरावांनी खिसा झटकला. "हवेतून आली असेल. हडपसरची हवा हल्ली फार खराब आहे."

"रोज खाता?"

"रोज नाही. एक दिवसाआड. आणि तिच्यात तेल नसतं, मी विचारलंय दुकानात. तो म्हणाला, तेल कुठे, डालड्यात करतो." एवढं बोलल्यावर ते स्वतःच थांबले. अरिबाचे शब्द दोघांनाही एकाच वेळी आठवले असावेत.

सत्यशीलाबाई रागावल्या नाहीत. त्यांना रागावता येत नसे, आवाजच चढत नसे. त्या फक्त म्हणाल्या, "भूक लागते म्हणून खाता. माझ्या घरात तुमचं पोट भरत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या समोरच्या दारात गेल्या. अख्तरबानूंची दुपारची नमाज नुकतीच झाली होती, चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. दोघी वीस-बावीस वर्षं शेजारी होत्या. एकमेकींच्या स्वयंपाकघरात जात, पण एकमेकींच्या देवाच्या गोष्टीत तोंड घालत नसत. आज सत्यशीलाबाईंनीच विषय काढला.

"भाभी, तुमच्यात देवाला शब्द दिला आणि तो मोडावा लागला, तर काय करतात?"

अख्तरबानूंनी चहाचं आधण मंद केलं. "कसम मोडली तर भरपाई असते, वहिनी. कफ्फारा. गरिबांना जेवू घालायचं. ते नाही जमलं तर रोजे ठेवायचे. अल्लाहला माहीत आहे ना, माणूस कधी कधी भलतीच कसम खाऊन बसतो."

"भलतीच?"

"म्हणजे चांगल्या मनानं खाल्लेली, पण ती पाळण्यात कोणाचं तरी नुकसान आहे अशी. मौलवीसाहेब सांगायचे, असली कसम सोडून द्यावी आणि चांगलं ते करावं. मग भरपाई करावी." त्यांनी कपात चहा ओतला. "तुमच्यात काय सांगतात?"

"आमच्यात उद्यापन सांगतात, पूर्ण झाल्यावरचं. मोडायचा असेल तर काय, ते मी कधी विचारलंच नाही. मोडायची वेळच आली नव्हती."

"मग आता विचारा की."

"कोणाला?"

अख्तरबानू हसल्या. "ज्याला शब्द दिला त्यालाच. मी कोण सांगणारी? साखर घ्या, माझ्या चहाला तरी नेम नाही तुमचा."

परत येताना सत्यशीलाबाई खाली उतरून दुकानात गेल्या आणि शेंगदाणा तेलाची लहान बाटली घेऊन आल्या. पितृपक्ष संपत होता आणि उद्यावर आलेल्या घटस्थापनेची तयारी सुरू होती, देव्हारा स्वच्छ घासलेला होता. त्यांनी पातेल्यात चमचा मोजून तेल घातलं. मोहरी तडतडली. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून त्यांचा हात जरा थांबला. मग हिंग, हळद, कढीपत्ता, आणि वर दोडका. दुसऱ्या गॅसवर ज्वारीच्या भाकऱ्या. भाजी शिजल्यावर वरून भाजलेल्या दाण्यांचं कूट पेरलं.

पहिलं पान त्यांनी देवाचं वाढलं.

पानाभोवती पाणी फिरवलं, भाजीवर तुळशीचं पान ठेवलं, आणि हात जोडून बराच वेळ बसल्या. नेहमी त्या नैवेद्य दाखवताना म्हणायचं ते म्हणून लगेच उठत. आज त्यांना सांगायचं होतं.

"देवा, मी न विचारता तुला शब्द दिला. काय द्यायचं, तेही नीट कळलं नव्हतं. यांच्या छातीसाठी दिला होता. तोच शब्द पाळून यांच्या छातीला त्रास होत असेल तर तो तुलाही नको असेल. मी तो परत घेते. त्याऐवजी नवरात्रात रोज कोणाला तरी जेवू घालीन, साधंच, पण पोटभर. आणि हे पान आधी तुझ्यापुढे ठेवलंय. तुला चालत नसेल तर आत्ताच कळव."

देव्हाऱ्यातलं निरांजन शांतपणे जळत होतं. बाहेर रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. बाकी काही झालं नाही. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पान झाकून ठेवलं.

संध्याकाळी महिपतराव आले. आज खिशाला काही चिकटलेलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, पाटावर बसले आणि ताटाकडे पाहिलं. भाजीच्या कडेनं तेलाचा बारीक पिवळा तवंग होता, आणि वर तुळशीचं पान.

"हे काय केलंस?"

"शेंगदाण्याच्या तेलातली भाजी."

त्यांनी ताट थोडंसं पुढे सरकवलं. "मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतं," त्या त्यांच्यासमोर बसल्या. "पण हे नुसतं जेवण नाही. देवाला दाखवून आणलंय. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला तरी नाही."

"देवाला तेलाचं दाखवलंस? चातुर्मासात?"

"दाखवलं. आणि शब्द परत घेतला, तोंडानं सांगून. तुम्ही माझ्या नेमाला धरून पायऱ्या चढत होता ना? मग आता माझ्या प्रसादाला धरून चढा. देव तोच आहे."

महिपतराव ताटाकडे बघत राहिले. सत्यशीलाबाईंना पहिल्यांदाच जाणवलं, की आता ते नाही म्हणाले तर पुढे काय करायचं हे त्यांना अजिबात माहीत नव्हतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

महिपतरावांनी तुळशीचं पान उचलून आधी तोंडात टाकलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. चावताना त्यांनी डोळे मिटले होते. ते चवीमुळे की आणखी कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही.

"तू का नाही वाढून घेतलंस?"

"घेते ना."

त्यांनी स्वतःच्या ताटात तीच भाजी वाढली. दोघं जेवू लागले. दोडक्याला तेलाचा, कढीपत्त्याचा साधा वास होता, आणि कूट जरा खरपूस भाजलं गेलं होतं.

भाकरी संपल्यावर महिपतरावांनी वाटी पुढे केली. "भाजी दे अजून."

"भाकरी देते. भाजी एवढीच."

"प्रसादालाही मोजमाप?"

"तेल मोजून घातलंय, अरिबानं सांगितलं तेवढंच. दाण्याचं कूट पण धरून."

"देवाला चालतंय, अरिबाला नाही चालत." त्यांनी भाकरी घेतली. "उद्या खाली जाताना तिलाच सांगतो, की आमच्या घरात आता देवापेक्षा तुझा अधिकार मोठा आहे."

"सांगू नका असलं काही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "ती खरंच धरून बसेल. आणि उद्या जेवायला एक पान जास्त आहे. वॉचमनला बोलावलंय."